‘ऑप-एड’ म्हणजे समोरचे पान: शब्दाचा उगम आणि पहिला लेख लिहिण्याची पद्धत

‘ऑप-एड’ हा शब्द ऐकला की बहुतेकांना तो ‘ओपिनियन’ आणि ‘एडिटोरियल’ यांचा जोडशब्द वाटतो. काही जण त्याचा अर्थ ‘विरोधी मत’ असाही लावतात. दोन्ही चूक. ‘ऑप’ म्हणजे ‘ऑपोझिट’, समोरचे. ‘एड’ म्हणजे ‘एडिटोरियल पेज’, संपादकीय पान. अमेरिकेतले एखादे जुने वर्तमानपत्र टेबलावर पसरले की डाव्या हाताला अग्रलेखांचे पान येई आणि उजव्या हाताला त्याच्या समोरचे. त्या समोरच्या पानाचे हे नाव. मुळात हा शब्द लेखनप्रकाराचा नाही, जागेचा आहे. पत्ताच म्हणा ना.

पहिल्यांदा लिहायला बसलेल्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण पुढचे जवळजवळ सगळे नियम या पत्त्यातून निघतात. डाव्या पानावर वर्तमानपत्र स्वतः बोलते, तिथे लेखकाचे नाव नसते. उजव्या पानावर बाहेरचा माणूस स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर बोलतो. त्याचे मत वर्तमानपत्राला पटलेले असलेच पाहिजे असे नाही. मराठी अंकांत बारीक टाइपात एक ओळ असते: ‘या अंकात प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ ऑप-एडचा सगळा व्यवहार त्या एका ओळीत आहे.

शब्द आला कुठून

न्यू यॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकात हर्बर्ट बेयर्ड स्वोप हे कार्यकारी संपादक होते. अग्रलेखासमोरच्या पानावर तेव्हा पुस्तकपरीक्षणे, मृत्युवार्ता, समाजातल्या बड्या मंडळींच्या बातम्या असा उरलासुरला मजकूर कोंबलेला असे. १९२१मध्ये स्वोप यांनी ते पान रिकामे केले आणि मतांसाठी राखले. हेवूड ब्रून, अलेक्झांडर वुलकॉट, फ्रँकलिन पी. अ‍ॅडम्स अशी नावे तिथे दिसू लागली.

एक महत्त्वाचा फरक मात्र होता. ही मुख्यतः वर्तमानपत्राचीच नेमलेली माणसे होती. या मांडणीची मर्यादा १९२७मध्ये उघड झाली. साको आणि व्हान्झेट्टी या दोन इटालियन स्थलांतरितांच्या मृत्युदंडावर ब्रून यांनी ऑगस्टमध्ये अतिशय जहाल लिहिले. मालक राल्फ पुलित्झर यांनी त्या विषयावरचे त्यांचे पुढचे लेख छापायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी ब्रून यांची नोकरी गेली. पगार देणाऱ्याच्या पानावर पगारदाराने किती वेगळे बोलावे, हा प्रश्न त्या पानाला सोडवता आला नाही. १९३१मध्ये ‘वर्ल्ड’च बंद पडले.

आज आपण ज्याला ऑप-एड म्हणतो त्याचा जन्म २१ सप्टेंबर १९७०चा, ‘न्यू यॉर्क टाइम्स’मधला. संपादकीय पानाचे प्रमुख जॉन बी. ओक्स यांनी या कल्पनेचा बरीच वर्षे पाठपुरावा केला होता. पानाची सूत्रे हॅरिसन सॉल्सबरी यांच्याकडे आली. मृत्युवार्ता दुसऱ्या पानावर हलवल्या गेल्या. पत्राच्या स्वतःच्या स्तंभलेखकांच्या जोडीला ज्यांचा वर्तमानपत्राशी नोकरीचा संबंध नाही अशा लोकांना इथे जागा मिळणार होती, आणि त्यांची मते पत्राच्या मतांहून पूर्ण वेगळी असू शकतील हे पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. कोपऱ्यात जाहिरातीला जागा ठेवलेली होती. पुढे मोबिल या तेल कंपनीने तिथे नियमित पैसे मोजून आपली मते छापली. विचारांच्या पानालाही कागदाचा खर्च भरून काढावा लागतो.

पन्नास वर्षांनी शब्दच अडचणीचा झाला. जून २०२०मध्ये सिनेटर टॉम कॉटन यांचा एक लेख या पत्राने छापला. निदर्शनांच्या काळात सैन्य उतरवावे, अशी त्यात मागणी होती. वाचक आणि खुद्द कर्मचारी खवळले, लेख आमच्या कसोटीला उतरला नव्हता असे पत्राने मान्य केले आणि मतपानाचे संपादक जेम्स बेनेट पायउतार झाले. एप्रिल २०२१मध्ये त्यांच्या जागी आलेल्या कॅथलीन किंग्सबरी यांनी ‘ऑप-एड’ हे नाव निवृत्त केले आणि ‘गेस्ट एसे’, म्हणजे पाहुण्याचा लेख, हे नाव आणले. कारण साधे होते: मोबाइलच्या पडद्यावर डावे-उजवे पान नसते, मग समोरचे पान कुठून येणार? इतर असंख्य वर्तमानपत्रांनी मात्र जुना शब्द ठेवला आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहणारा मराठी माणूस तिथल्या स्थानिक पत्राला लेख पाठवू लागला, तर त्याला दोन्ही नावे भेटतील. अर्थ एकच.

मराठीत याला काय म्हणायचे

मराठी वर्तमानपत्रांच्या कचेरीत ‘एडिट पेजचा लेख’ असे सर्रास म्हणतात. पुष्कळ मराठी दैनिकांत बाहेरच्याचा लेख समोरच्या पानावर नसून अग्रलेखाच्या शेजारीच, त्याच पानावर असतो. त्यामुळे वाचकाची गल्लत होते आणि नवख्या लेखकाची त्याहून जास्त. म्हणून त्या पानावरचे चार मजकूर वेगळे ओळखायला शिका.

अग्रलेख हा ब्रिटिश पत्रांतल्या ‘लीडिंग आर्टिकल’चा मराठी अवतार. ‘अग्र’ म्हणजे पुढचा, आघाडीचा. तो निनावी असतो, कारण तो पत्राचा आवाज असतो आणि त्याची किंमत संपादक मोजतो. ‘केसरी’तल्या १२ मे आणि ९ जून १९०८च्या लेखांबद्दल टिळकांवर खटला चालला आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. लेखाखाली सही नव्हती म्हणून जबाबदारी टळली नाही. उलट सगळी संपादकावर आली. स्फुट म्हणजे अग्रलेखाखालचे छोटे टिपण, तेही पत्राचेच. सदर म्हणजे ठरलेल्या लेखकाची ठरलेल्या वारी येणारी जागा. आणि वाचकांची पत्रे म्हणजे दीड-दोनशे शब्दांत दिलेली प्रतिक्रिया. तुमचा लेख या चारांपैकी कशातच बसत नाही. तो सहीचा आहे, एकदाच येणारा आहे आणि वाचकाच्या पत्रापेक्षा मोठा आहे.

बाहेरच्या माणसाने वर्तमानपत्रात मत मांडण्याची आपली परंपरा मात्र अमेरिकी शब्दापेक्षा खूप जुनी आहे. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८पासून ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे येऊ लागली. शंभरावर पत्रे झाली आणि ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, म्हणून टोपणनाव. काम ऑप-एडचे, फक्त सही झाकलेली. पुढे एकाच पत्रात दोन टोकाची मते नांदवणे किती अवघड आहे तेही दिसले. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी मतभेद वाढल्यावर आगरकरांनी १८८७मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८मध्ये ‘सुधारक’ काढला. ज्यांना कोणाच्याच पानावर जागा नव्हती त्यांना तर स्वतःचे पत्र काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ सुरू केले ते यासाठीच, आणि पहिल्या अंकातल्या ‘मनोगता’त त्यांनी तेव्हाची बहुतेक पत्रे ठरावीक जातींचे हित पाहतात हे स्पष्ट मांडले. पाहुण्याला जागा देणाऱ्या पानाची किंमत या इतिहासावरून कळते. तिथे लिहायला मिळणे ही हलकी गोष्ट नाही.

पायरी १: आठवडाभर पान वाचा, मोजून वाचा

लिहिण्याआधी ज्या पत्राला लेख पाठवायचा आहे त्याचे सात दिवसांचे अंक जमवा. वाचनालयात मिळतात. प्रत्येक दिवसाच्या बाहेरच्या लेखाबद्दल वहीत पाच नोंदी करा: अंदाजे किती शब्द, पहिल्या वाक्यात काय आहे, मुख्य मत कितव्या परिच्छेदात येते, किती आकडे आहेत, लेखकाची ओळख काय दिली आहे. शब्द मोजायला एका ओळीतले सरासरी शब्द गुणिले ओळींची संख्या एवढे पुरते.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, लांबी. बहुतेक दैनिकांच्या एडिट पेजवर ७०० ते १,००० शब्दांची जागा असते, रविवारच्या पुरवणीत थोडी जास्त. दुसरी, कोणता विषय नुकताच येऊन गेला. परवा ज्या विषयावर लेख आला त्याच विषयावर तेच मत घेऊन गेलात तर नकार ठरलेला. तोच विषय, पण त्या लेखात राहून गेलेली बाजू, असे असेल तर मात्र दार उघडे असते.

पायरी २: मत एका वाक्यात लिहा

इथे सर्वाधिक लेख पडतात. नवखा लेखक विषय निवडतो आणि त्यालाच मत समजतो. ‘ग्रामीण भागातील एसटीची दुरवस्था’ हा विषय झाला. यावर कोणी ‘नाही’ म्हणणार नाही, म्हणून यावर लेखही होत नाही.

समजा, तुमच्या गावची शाळा पाचला सुटते आणि तालुक्याहून येणारी शेवटची एसटी साडेचारलाच निघून जाते. मत असे होईल: ‘शाळा पाचला सुटत असताना शेवटची गाडी साडेचारला सोडली, तर अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास कागदावरच राहतो, आगाराने ही गाडी साडेपाचला सोडावी.’ या वाक्यात काय बिघडले, कोणाचे बिघडले, कोणी काय करावे हे तिन्ही आहे. पास फुकट, पण गाडीच नाही, ही विसंगती लेखाचा कणा होऊ शकते.

वाक्य तपासायला एक चाचणी लावा. ‘याच्या उलट म्हणणारा एखादा शहाणा माणूस मला डोळ्यांसमोर आणता येतो का?’ इथे येतो: आगार व्यवस्थापक. त्याच्याकडे चालक कमी असतील, साडेपाचच्या फेरीला परतीचे प्रवासी मिळत नसतील. असा माणूस सापडत नसेल तर तुमच्याकडे अजून मत आलेले नाही, फक्त हळहळ आहे.

दुसरी चाचणी: हे तुम्हीच का सांगायचे? समोरच्या पानावर बोलावले जाते ते तुम्ही कोण आहात त्यासाठी. शाळेचे शिक्षक, वाहक म्हणून निवृत्त झालेले, गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर असलेले, वाहतुकीचा अभ्यास करणारे, यांपैकी कोणीही चालेल. ‘जागरूक नागरिक’ ही ओळख पत्रांच्या सदराला पुरेशी आहे, एडिट पेजला पुरत नाही.

पायरी ३: पुरावा गोळा करा, लिहिण्याआधी

८०० शब्दांच्या लेखाला तीन भक्कम पुरावे पुरतात. त्यातला एक आकडा, एक कागद आणि एक डोळ्यांनी पाहिलेले असा मेळ बसला तर उत्तम. वरच्या उदाहरणात आकडा म्हणजे या मार्गावर पास असलेल्या मुली किती, कागद म्हणजे आगाराचे वेळापत्रक, आणि पाहिलेले म्हणजे पाच ते सहाच्या दरम्यान थांब्यावर काय घडते ते. त्यासाठी तीन-चार संध्याकाळी थांब्यावर प्रत्यक्ष उभे राहा आणि वेळ घालून नोंद करा.

आकडा तोंडी मिळत नसेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ वापरा. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘का’ म्हणजे खुलासा, आणि त्यावर ‘ही माहिती नव्हे’ असे उत्तर येऊ शकते. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या मार्गावरील फेऱ्यांच्या वेळापत्रकाची प्रत द्यावी’ असे मागा. कागद मागितला की कागद मिळतो.

आकड्यांत दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. एखादे प्रमाण २० टक्क्यांवरून २५ टक्के झाले तर वाढ ५ टक्क्यांची नाही. ती ५ टक्के-अंकांची आहे, आणि मूळच्या तुलनेत २५ टक्क्यांची. दुसरी चूक इंग्रजी अहवालावरून लिहिताना होते: १ मिलियन म्हणजे १० लाख आणि १ बिलियन म्हणजे १०० कोटी. एक शून्य घसरले की सगळा युक्तिवाद गेला, आणि ती चूक काढायला वाचकांची पत्रे दुसऱ्याच दिवशी येतात. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते स्वतःच्या प्रतीत लिहून ठेवा. उपसंपादकाचा फोन आला तर अर्ध्या मिनिटात सांगता आले पाहिजे.

पायरी ४: आराखडा

८०० शब्दांची ही एक वाटणी धरून चाला: सुरुवात ९०, मत ५०, पुरावे ३३०, दुसरी बाजू १४०, मागणी १२०, शेवट ७०. दहा-वीस शब्द इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. दुसरी बाजू गळाली तर मात्र बिघडते.

सुरुवातीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मराठी लेखाचा सगळ्यात जुना रोग तिथेच आहे. शालेय निबंधाच्या सवयीने आपण विषयाच्या जन्मापासून सुरू करतो: ‘१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून लालपरी ही ग्रामीण महाराष्ट्राची जीवनवाहिनी ठरली आहे.’ माहिती खरी आहे. पण वाचकाला वीसेक शब्द झाले तरी भांडण कशावर आहे ते कळलेले नाही आणि तो अग्रलेखाकडे वळला. त्याऐवजी: ‘शाळेची घंटा पाचला होते. शेवटची एसटी त्याआधी अर्धा तास निघून गेलेली असते. दहावीतल्या मुलीपुढे मग दोन पर्याय उरतात: शेवटचा तास बुडवणे किंवा अंधारात सहा किलोमीटर चालणे.’ इथे वाद तिसऱ्या वाक्यात उभा राहिला. किलोमीटर किती ते अर्थात स्वतः मोजून लिहायचे. १९४८चा संदर्भ मागणीच्या परिच्छेदात अर्ध्या वाक्यात आला तर तिथे तो शोभेलही.

सुविचार, संस्कृत श्लोक, थोरांची वचने यांनी सुरुवात करू नका. दुसऱ्याचे वाक्य पहिले आले की तुमचे दुसऱ्या नंबरला जाते.

मत दुसऱ्या परिच्छेदात यावे, फार तर तिसऱ्यात. गुप्तता राखून शेवटी स्फोट करण्याची जागा कथेत असते.

पुराव्यांचे परिच्छेद करताना एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवा आणि त्याचे पहिले वाक्य असे लिहा की नुसती पहिली वाक्ये वाचली तरी युक्तिवाद समजावा. चार ते सहा वाक्यांचा परिच्छेद वर्तमानपत्राच्या अरुंद कॉलमात बरा दिसतो. संगणकावर सात ओळींचा वाटणारा परिच्छेद कॉलमात वीस-पंचवीस ओळींचा होतो, हे विसरू नये.

दुसरी बाजू लिहिताना ती विरोधकाला स्वतःची वाटेल अशी मांडा. ‘काही जण म्हणतील की चालक नाहीत, पण हे कारण तकलादू आहे’ ही फसवणूक झाली. ‘आगाराची अडचण खरी आहे. साडेपाचला निघालेली गाडी रात्री उशिरा परतते, परतीला प्रवासी नसतात आणि चालकाची पाळी लांबते’ असे आधी मान्य करा आणि मग उत्तर द्या: गाडी गावात मुक्कामी ठेवून सकाळी पहिली फेरी तीच करता येईल का? उत्तर अपुरे वाटले तर तसेच लिहा. संपादक या परिच्छेदावरून लेखक ओळखतो.

मागणी नेमक्या माणसाकडे करा. ‘शासनाने लक्ष घालावे’ हे वाक्य कोणाच्याच टेबलावर जात नाही. वेळ बदलण्याचा अधिकार आगार व्यवस्थापकाचा, विभाग नियंत्रकाचा की मुख्यालयाचा, हे आधी विचारून घ्या आणि त्या पदाचे नाव लिहा. काम लहान आणि तारखेत बसणारे असावे: ‘दिवाळीनंतरचे सत्र सुरू होण्याआधी’.

पायरी ५: भाषा आणि कात्री

पहिला खर्डा हजार शब्दांचा होऊ द्या, मग दोनशे काढा. काढायला काय घ्यायचे? ‘याठिकाणी नमूद करावेसे वाटते की’, ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’, ‘सर्वश्रुत आहे’, ‘ही काळाची गरज आहे’. सरकारी परिपत्रकातून आलेले ‘करण्यात येत आहे’, ‘सदरहू’, ‘बाबत’ यांना साधे क्रियापद द्या. कर्ता लपवणारे वाक्य विशेष तपासा. ‘फेरी रद्द करण्यात आली’ यात कोणी केली ते नाही, आणि तुमचा लेख तर त्याच्याशीच बोलतो आहे.

उद्गारचिन्हे काढून टाका. ‘मी’ वापरायला हरकत नाही, सही तुमची आहे. ‘आम्ही’ मात्र नको, ते अग्रलेखाचे सर्वनाम आहे.

मग लेख मोठ्याने वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा.

पायरी ६: कायद्याच्या चार गोष्टी

नाव घेऊन आरोप करायचा असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ माहीत हवे. अब्रुनुकसानी त्यात येते. ‘खरे होते म्हणून लिहिले’ एवढा बचाव तिथे पुरत नाही. ते खरे असून सार्वजनिक हिताचेही होते, हे दाखवावे लागते. लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला संरक्षण आहे. म्हणून कामाबद्दल लिहा, चारित्र्याबद्दल नको. ‘व्यवस्थापकाने दोन अर्जांना उत्तर दिले नाही’ हे कागदाने सिद्ध होते. ‘व्यवस्थापक मस्तवाल आहे’ हे होत नाही.

निकाल लागलेल्या खटल्याच्या गुणदोषांवर रास्त टीका करता येते, न्यायालय अवमान कायदा, १९७१ तशी मुभा देतो. सुनावणी चालू असताना जपून.

राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ वाचून मगच पुढे जा. सरकारी धोरणावर जाहीर टीका करण्यावर त्यात बंधने आहेत. लोकहितवादींनी टोपणनाव घेतले, पण आजच्या एडिट पेजवर ती सोय सहसा मिळत नाही. खरे नाव देता येत नसेल तर लेख न पाठवणे बरे.

अल्पवयीन मुलीचे उदाहरण द्यायचे असेल तर नाव, छायाचित्र आणि ओळख पटेल असा तपशील गाळा. लहान गावात ‘सरपंचांची पुतणी’ एवढ्यानेही ओळख पटते.

पायरी ७: पाठवणे

लेख युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की चिन्हांचा खच दिसतो, आणि ती दुरुस्त करायला कोणाला वेळ नसतो. हस्तलिखिताचा फोटो किंवा पीडीएफ नको. मजकूर मेलच्या अंगातच टाका, सोबत वर्ड फाइल जोडा.

मेलच्या विषयात एवढेच: ‘एडिट पेजसाठी लेख: शेवटची एसटी आणि मुलींचा पास, ७९० शब्द’. वर तीन ओळी: लेखाचे मत एका वाक्यात, तो आत्ताच का, आणि तुम्ही कोण. लेखाखाली २५-३० शब्दांची ओळख आणि फोन नंबर. विषयात तुमचा स्वतःचा काही हितसंबंध असेल, जसे की त्या मार्गावर तुमच्या घरची खासगी वडाप जीप चालते, तर ते आताच सांगा. नंतर उघड झाले तर त्या पत्राचे दार कायमचे बंद होते.

एका वेळी एकाच पत्राला पाठवा. एकच लेख दोन दैनिकांत एका दिवशी छापून आला तर दोन्हीकडची माणसे नाराज होतात आणि त्यांची नाराजी रास्त असते. आठवडाभर थांबा, मग एक नम्र विचारणा करा, आणखी तीन दिवसांत उत्तर नाही आले तर ‘लेख परत घेत आहे’ असे कळवून दुसरीकडे पाठवा. विषय तातडीचा असेल तर पहिल्याच मेलमध्ये मुदत लिहा: ‘गुरुवारपर्यंत कळवल्यास उपकृत होईन.’

पायरी ८: स्वीकारल्यावर

मथळा तुमचा राहीलच असे धरू नका. मथळा पानाच्या मांडणीप्रमाणे उपसंपादक देतो. पण लेखाचा अर्थच उलटा करणारा मथळा बसू नये म्हणून पाठवतानाच दोन पर्याय द्या, प्रत्येकी चार ते सहा शब्दांचे. लेख कापला जाणार असेल तर ‘कापलेली प्रत एकदा पाहायला मिळेल का’ असे विचारण्यात काही गैर नाही. पान सुटायच्या आधी मिळालेल्या त्या पंधरा मिनिटांत वाक्यरचनेवर वाद घालू नका. आकडे, नावे, पदे, तारखा आणि ‘नाही’ हा शब्द एवढेच तपासा. ‘नाही’ गळाल्याने उलटा झालेला लेख ही छापखान्याइतकीच जुनी दुर्घटना आहे.

छापून आल्यावर अंकाचे पूर्ण पान जपून ठेवा, तारखेसह. नुसते कात्रण नको, कारण शेजारचा अग्रलेख त्या दिवशी काय म्हणत होता तेही पुढे लागते. आगाराला पाठवायच्या निवेदनाला या पानाची प्रत जोडता येते. लेखात तुमच्याकडून चूक राहिली असेल तर त्याच दिवशी संपादकांना दोन वाक्ये पाठवा: ‘आजच्या माझ्या लेखात पासधारक मुलींची संख्या चुकीची दिली गेली आहे. आगाराच्या नोंदीनुसार योग्य संख्या अशी आहे.’ आणि पुढे तो आकडा.